शाळा चांगली, की मुलं चांगली?

शाळाप्रवेशाचे दिवस आले की एक वाद हमखास रंगतो. एक जण म्हणतो, "सिस्टरांच्या शाळेत घाला, पोरगं मार्गी लागेल." दुसरा लगेच म्हणतो, "अहो, तिथे मुळात चांगल्या घरची मुलं जातात. त्यात शाळेचं कसलं कौतुक?" दोघंही आपापल्या म्हणण्यावर ठाम राहतात आणि वाद अर्धवट सुटतो.

हा वाद अर्धवट सोडण्यासारखा नाही. गरीब घरातल्या, गलिच्छ वस्तीत वाढणाऱ्या मुलाचं आयुष्य एखादी शाळा बदलू शकते का, हा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे. त्याचं उत्तर शोधण्याचा सगळ्यात चिकाटीचा प्रयत्न अमेरिकेत झाला. न्यूयॉर्क, शिकागो, नेवार्क यांसारख्या शहरांतल्या कॅथलिक शाळांवर तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी आणि अर्थतज्ज्ञांनी गेली चाळीसहून जास्त वर्षं अभ्यास केला आहे. म्हणून या प्रकरणात आपण तिकडे जाऊ.

१. या शाळा आल्या कुठून?

१८१० साली एलिझाबेथ ॲन सीटन या विधवा बाईने मेरीलँड राज्यातल्या एमिट्सबर्ग गावी मुलींसाठी मोफत शाळा काढली. पुढे १८२८ मध्ये त्याच राज्यातल्या बाल्टिमोर शहरात मेरी लँग या कृष्णवर्णीय स्त्रीने काळ्या मुलांसाठी शाळा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीय सिस्टरांचा संघ स्थापला. मेरीलँडमध्ये तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. ज्या मुलांना विकता येत होतं, त्यांच्याच रंगाच्या मुलांना ही बाई वाचायला शिकवत होती. सेंट फ्रान्सिस अकॅडमी या नावाने ती शाळा आजही चालू आहे.

पण या शाळांची संख्या वाढली ती आयर्लंडमधून आलेल्या लोंढ्यांमुळे. १८४० च्या दशकात हे भुकेकंगाल लोक न्यूयॉर्कच्या गोदीवर उतरत होते. तिथल्या सार्वजनिक शाळा नावाला सर्वांच्या होत्या, पण रोज सकाळी त्यांत प्रोटेस्टंट बायबल वाचलं जाई आणि पाठ्यपुस्तकांतून कॅथलिकांची हेटाळणी होई. न्यूयॉर्कचे बिशप जॉन ह्यूज स्वतः आयरिश स्थलांतरित होते, तरुणपणी एमिट्सबर्गमध्येच त्यांनी माळीकाम केलं होतं. त्यांनी सरकारी पैशांतला वाटा मागितला, तो मिळाला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच्या शाळा उभारायला घेतल्या. फिलाडेल्फियात तर शाळेत कोणतं बायबल वाचायचं यावरून १८४४ मध्ये दंगली पेटल्या आणि चर्च जाळली गेली.

१८८४ मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने ठरवलं, की दोन वर्षांच्या आत प्रत्येक पॅरिशची स्वतःची शाळा हवी. पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीची वस्ती, वसईकडे जिला धर्मग्राम म्हणतात. सगळीकडे ते जमलं नाही, तरी विटांची शाळा, शेजारी चर्च आणि पलीकडे सिस्टरांचं निवासस्थान हे दृश्य अमेरिकी शहरांत गल्लोगल्ली दिसू लागलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा सुमारे १३,००० शाळांत ५२ लाखांच्या आसपास मुलं शिकत होती.

२. वस्ती बदलली, शाळा राहिली

दुसऱ्या महायुद्धानंतर आयरिश, इटालियन, पोलिश कुटुंबांच्या हाती पैसा आला. मोटारी आल्या, महामार्ग झाले आणि ही कुटुंबं उपनगरांत निघून गेली. त्यांच्या जुन्या घरांत दक्षिणेकडून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, प्वेर्तो रिकोची आणि मेक्सिकोची माणसं राहायला आली. शाळेची इमारत मात्र उचलून नेता येत नव्हती.

आता शाळेपुढे पेच उभा राहिला. नव्याने आलेली बरीच मुलं कॅथलिकच नव्हती. काळी मुलं बहुतेक बाप्टिस्ट होती. काही पॅरिशनी त्यांना दार उघडलं नाही, हे नोंदवायलाच हवं. सेंट लुइसचे आर्चबिशप जोसेफ रिटर यांनी १९४७ मध्ये आपल्या शाळांत काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसायचं, असा हुकूम काढला. गोऱ्या पालकांनी कोर्टात जायची भाषा केली, तेव्हा त्यांना धर्मबहिष्कृत करण्याचा इशारा देऊन त्यांनी तो हुकूम अमलात आणला. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल १९५४ चा. रिटर त्याच्या सात वर्षं पुढे होते.

हळूहळू बहुतेक शहरी शाळांनी ठरवलं, की मूल कोणत्या देवळात जातं हे पाहायचं नाही. तिथली माणसं म्हणतात, आम्ही यांना शिकवतो ते ही मुलं कॅथलिक आहेत म्हणून नव्हे, आम्ही कॅथलिक आहोत म्हणून. माझ्या मते या शाळांच्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय हाच. ज्या मुलांकडून चर्चला ना सभासद मिळणार होते, ना देणग्या, त्यांच्यासाठी शाळा चालू ठेवायची असं ठरलं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले दोन न्यायाधीश अशाच शाळांतून आले. जॉर्जियातल्या सव्हाना शहरात आजोबांकडे वाढलेले क्लॅरेन्स थॉमस, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या प्वेर्तो रिकन कुटुंबातल्या सोनिया सोतोमायोर. सोतोमायोर नऊ वर्षांच्या असताना वडील वारले, आईने परिचारिकेची नोकरी करून फी भरली. या दोघांची मतं जवळपास प्रत्येक मोठ्या खटल्यात परस्परविरुद्ध असतात. शाळेने त्यांना एका साच्यात घातलं नव्हतं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

३. शाळेने काही फरक पडतो का?

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार अमेरिकी सरकारने जेम्स कोलमन या समाजशास्त्रज्ञाला देशभरच्या शाळा तपासायला सांगितलं. १९६६ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने सगळे चक्रावले. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, दर मुलामागचा खर्च यांनी मुलांच्या प्रगतीत अपेक्षेपेक्षा फारच थोडा फरक पडत होता. मूल कोणत्या घरातून येतं आणि वर्गात त्याच्याबरोबर कोण बसतं, यानेच बरंचसं ठरत होतं.

म्हणजे गरिबाच्या मुलाचं भविष्य पाळण्यातच ठरलं का? कोलमन तिथे थांबला नाही. १९८० मध्ये हजाराहून अधिक माध्यमिक शाळांतल्या पन्नास हजारांहून जास्त मुलांची पाहणी सुरू झाली. ती आकडेवारी त्याने आणि सहकाऱ्यांनी चाळली, तेव्हा कॅथलिक शाळांत वेगळं चित्र दिसलं. तिथे श्रीमंत आणि गरीब घरांतल्या मुलांच्या प्रगतीतलं अंतर कमी होतं. त्याच सुमारास शिकागोचे धर्मगुरू आणि समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू ग्रीली यांनीही सांगितलं, की या शाळांचा फायदा सर्वांत जास्त काळ्या आणि हिस्पॅनिक, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांना होतो, आणि त्यांतही ज्यांचे आईवडील कमी शिकलेले आहेत त्यांना.

४. फ्लेक्सवरचा निकाल

इथे आपला तो दुसरा गृहस्थ हात वर करणार, आणि त्याची शंका अगदी रास्त आहे.

दहावीचा निकाल लागला की क्लासच्या दारात फ्लेक्स लागतो. पंचवीस मुलं नव्वद टक्क्यांच्या वर! पण त्या क्लासने प्रवेश देतानाच नववीत ८५ च्या वर गुण असलेली मुलं घेतली असतील, तर फ्लेक्सवरचं यश क्लासचं किती आणि मुलांचं किती? हे ओळखायला नुसता निकाल पुरत नाही. तशाच कुवतीची, तशाच घरची, पण त्या क्लासला न गेलेली मुलं शोधून दोघांची तुलना करावी लागते.

कॅथलिक शाळांबाबत अडचण हीच. पोटाला चिमटा काढून फी भरणारी आई घरीही अभ्यास घेत असणार. मुलाचं यश त्या आईचं असेल, शाळेचं नसेल. शिवाय खासगी शाळा नको ते मूल नाकारू शकते, सार्वजनिक शाळेला तशी मुभा नाही.

यावर अभ्यासकांनी दोन वाटा काढल्या. पहिली वाट म्हणजे मुलाच्या हुशारीशी किंवा आईच्या जिद्दीशी संबंध नसलेलं एखादं कारण शोधायचं. एखाद्या परिसरात शंभर वर्षांपूर्वी खूप कॅथलिक येऊन वसले, म्हणून तिथे आज कॅथलिक शाळा जवळ आहे. दुसऱ्या परिसरात ती मैलोगणती लांब आहे. दोन्हीकडची मुलं सारखीच असतील आणि तरीही शाळा जवळ असलेल्या परिसरातली मुलं पुढे गेलेली दिसली, तर श्रेयातला काही वाटा शाळेचा म्हणावा लागेल. अर्थतज्ज्ञ डेरेक नील यांनी १९९७ च्या अभ्यासात साधारण असाच विचार केला.

दुसरी वाट म्हणजे सोडत. न्यूयॉर्कमध्ये १९९७ साली गरीब कुटुंबांना वर्षाला १,४०० डॉलरपर्यंतची शिष्यवृत्ती जाहीर झाली. वीस हजारांहून जास्त अर्ज आले, मग चिठ्ठ्या काढल्या. शिष्यवृत्ती घेतलेली बहुतेक मुलं कॅथलिक शाळांत गेली. अर्ज सगळ्याच जिद्दी आईबापांनी केले होते, फक्त काहींचं नाव निघालं आणि काहींचं नाही. यापेक्षा स्वच्छ तुलना मिळणं अवघड.

५. काय सापडलं?

नील यांचा हिशेब मोठ्या शहरांतल्या काळ्या आणि हिस्पॅनिक मुलांचा आहे. सार्वजनिक शाळेत गेलेल्या अशा १०० मुलांपैकी सुमारे ६२ माध्यमिक शिक्षण पूर्ण करतील. तीच मुलं कॅथलिक शाळेत असती, तर सुमारे ८८ जणांनी ते पूर्ण केलं असतं. म्हणजे शंभरातली २६ मुलं अधिक. चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. त्यातली दहा मुलं, जी एरवी मधेच शाळा सोडून गेली असती, ती शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतात.

उपनगरातल्या गोऱ्या मुलांना मात्र फारसा फायदा दिसला नाही, कारण त्यांच्या सार्वजनिक शाळाही बऱ्या होत्या. हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेचा परिणाम सर्वत्र सारखा नसतो. जिथे मुलापुढचा दुसरा पर्याय वाईट आहे, तिथे चांगली शाळा सर्वाधिक देते.

गुणांचं काय? तिथे चित्र धूसर आहे. जोसेफ आल्टोन्जी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये निवडीची शंका आणखी कसून तपासली. शिक्षण पूर्ण करण्यावरचा परिणाम तेव्हाही टिकला, परीक्षेतल्या गुणांवरचा जवळजवळ नाहीसा झाला. न्यूयॉर्कच्या सोडतीतल्या मुलांचा मागोवा पुढे महाविद्यालयापर्यंत घेतला गेला. एकूण सर्व मुलांमध्ये ठळक फरक दिसला नाही. कृष्णवर्णीय मुलांमध्ये मात्र महाविद्यालयात जाणाऱ्यांचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं होतं.

म्हणजे सुरुवातीच्या वादात दोघंही थोडे थोडे बरोबर होते. मुलं निवडून येतात हे खरं, पण तेवढ्याने सगळा फरक उलगडत नाही. या शाळा मुलाला टिकवून धरतात.

६. आत वेगळं काय घडतं?

अँथनी ब्रिक, व्हॅलरी ली आणि पीटर हॉलंड यांनी शाळांत प्रत्यक्ष जाऊन, वर्गांत बसून याचा शोध घेतला. त्यांचं पुस्तक १९९३ मध्ये आलं. छडी, गणवेश, प्रार्थना हीच कारणं असतील असा सर्वसाधारण समज होता. त्यांना सापडलेली मुख्य कारणं वेगळी होती.

पहिलं कारण अभ्यासक्रमाचं. अमेरिकेतल्या मोठ्या सार्वजनिक माध्यमिक शाळेत विषयांची भलीमोठी यादी असते आणि मुलांच्या वेगवेगळ्या वाटा ठरतात. कुणी महाविद्यालयाच्या वाटेवर, कुणी कामधंद्याच्या, कुणी नुसत्याच "सर्वसाधारण" वाटेवर. चौदा वर्षांच्या मुलाला कुणीतरी प्रेमानेच सांगतं, "तुला बीजगणित झेपणार नाही, तू सोपं गणित घे." घरी इंजिनीअर किंवा शिक्षक असेल, तर तो हे होऊ देत नाही. घरी सफाई कामगार आई असेल, तर तिला हे कळतही नाही. बीजगणित नाही म्हणून पुढचं गणित नाही, म्हणून विज्ञान नाही, म्हणून महाविद्यालय नाही. एका सल्ल्याने चार वर्षांनंतरचं दार आजच बंद होतं. कॅथलिक शाळेत पैशाअभावी इतके विषय ठेवणंच शक्य नव्हतं. मग भाषा, गणित, विज्ञान, इतिहास सगळ्यांना सारखेच. सफाई कामगाराची मुलगी आणि वकिलाचा मुलगा एकाच बाकावर तेच समीकरण सोडवतात. गरिबीतून आलेल्या या सोयीत प्रत्येक मूल शिकू शकतं हा विश्वास मिसळला, आणि अंतर कमी करणारी सर्वांत मोठी गोष्ट तयार झाली.

दुसरं कारण माणसांचं. शाळा लहान. गणिताचे सरच संध्याकाळी बास्केटबॉल शिकवतात, रविवारी चर्चमध्ये भेटतात आणि मुलाचा भाऊही त्यांच्याच हाताखालून गेलेला असतो. कोलमनने यालाच सामाजिक भांडवल म्हटलं. एखादं मूल शाळा बुडवून कोपऱ्यावर उभं राहिलं, तर त्याला नावाने ओळखणारी आणि त्याच्या घरी कळवणारी किती मोठी माणसं आसपास आहेत, तेवढं त्या मुलाचं हे भांडवल. कोलमनच्या आकडेवारीत दहावी ते बारावीदरम्यान सार्वजनिक शाळांतली सुमारे १४ टक्के मुलं गळत होती, कॅथलिक शाळांतली ३ टक्क्यांच्या आसपास. आणि इतर खासगी शाळांतली? सुमारे १२ टक्के. फी घेणं आणि मुलं निवडणं एवढंच कारण असतं, तर इतर खासगी शाळांनाही तेच यश मिळायला हवं होतं.

७. नेवार्कमधली सकाळ

नेवार्क हे न्यू जर्सीतलं शहर १९६७ च्या दंगलीत होरपळलं. तिथल्या टेकडीवर बेनेडिक्टाइन संन्याशांची मुलांसाठीची जुनी शाळा होती, सेंट बेनेडिक्ट्स प्रेप. १९७२ मध्ये ती बंद पडली आणि बरेच संन्यासी शहर सोडून गेले. उरलेल्यांनी मठ सोडायचा नाही असं ठरवलं आणि १९७३ मध्ये शंभराहून कमी मुलांना घेऊन शाळा पुन्हा उघडली. मुख्याध्यापक झाले तिशीही न गाठलेले एडविन लेही. त्यांनी ती जबाबदारी कित्येक दशकं सांभाळली.

तिथे दिवस व्यायामशाळेतल्या सभेने सुरू होतो. सगळी मुलं गटागटाने बसतात. हजेरी शिक्षक घेत नाहीत, गटाचा मोठा मुलगा घेतो. कोण आला नाही हे सर्वांसमोर सांगावं लागतं, आणि न आलेल्या मुलाचा पत्ता काढणं हे त्याच्या गटाचं काम. भावाला लागलं ते मला लागलं, या अर्थाचं ब्रीद मुलं तिथे रोज ऐकतात. पहिल्या वर्षाच्या मुलांना वसंत ऋतूत ॲपलेशियन डोंगरांतून ५५ मैल, म्हणजे जवळपास ९० किलोमीटर चालावं लागतं. पाठीवर सामान, गटात स्वयंपाक, रस्ता मुलांनीच शोधायचा. शहराच्या गल्लीबाहेर कधी न गेलेला पोरगा चिखलात दुसऱ्याची पिशवी उचलतो. या शाळेतली बहुसंख्य मुलं काळी आणि हिस्पॅनिक, आणि जवळजवळ सगळी पुढे महाविद्यालयात जातात.

८. सिस्टरांचा पगार

हे सगळं चालत होतं कशावर? उत्तर साधं आहे. शिकवणाऱ्या सिस्टर पगार म्हणून फक्त पोटापुरतं घेत. १९६५ मध्ये अमेरिकेत सुमारे १,८०,००० सिस्टर होत्या. आज ४०,००० हून कमी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक वृद्ध आहेत. त्यांच्या जागी संसारी शिक्षक आले, त्यांना घरभाडं भरायचं असतं, मुलं शिकवायची असतात. ज्या खर्चाचा बोजा त्या बायकांनी आपल्या आयुष्यातून उचलला होता, तो एकदम फीमध्ये दिसू लागला. ज्यांना शाळेची सर्वाधिक गरज, त्यांनाच ती परवडेनाशी झाली.

शिवाय अमेरिकी राज्यघटनेच्या अन्वयार्थामुळे तिथे धार्मिक शाळेला सरकार थेट अनुदान देत नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात चर्चच्या कितीतरी शाळा अनुदानित आहेत आणि शिक्षकांचा पगार सरकार देतं. हा फरक ध्यानात ठेवूनच तिकडचे निष्कर्ष इकडे आणावेत. तिथे सरकारने पालकांच्या हाती फीचं कुपन (व्हाउचर) द्यायचं आणि त्यांनी ते आपल्या पसंतीच्या खासगी शाळेत वापरायचं, अशी योजना काही शहरांत निघाली. क्लीव्हलँडची अशी योजना सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वैध ठरवली. तिच्यावरचा वाद अजून शमलेला नाही, कारण त्यामुळे सार्वजनिक शाळांचा पैसा आटतो अशी अनेकांना भीती आहे. ती भीती मला निराधार वाटत नाही.

९. कमवा आणि शिका, शिकागोमध्ये

शिकागोच्या पिल्सन भागात मेक्सिकोहून आलेले कामगार राहतात. तिथे १९९६ मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी क्रिस्तो रे नावाची शाळा काढली. फी भरायची कुणाची ऐपत नव्हती. मग त्यांनी वेगळीच वाट काढली. चार मुलांनी मिळून बँकेत, वकिलाच्या कचेरीत किंवा रुग्णालयात एक नोकरी करायची. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला पाच दिवस येतात, बाकीचे दिवस पूर्ण शाळा. पगार शाळेकडे जातो आणि फीचा मोठा हिस्सा त्यातून वळता होतो.

मराठी वाचकाला इथे रयत शिक्षण संस्था आठवल्याशिवाय राहणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांना शेतात राबून शिकायला लावलं, ते याच्या कितीतरी आधी. सातारा आणि शिकागो यांना एकमेकांची खबर नसतानाही दोघांना एकच गोष्ट उमगली होती. गरीब मुलाला दान दिलं तर तो ओशाळतो, काम दिलं तर ताठ उभा राहतो. शिकागोच्या मुलांना आणखी एक लाभ झाला. ज्या काचेच्या इमारतींत त्यांच्या आया रात्री फरशी पुसायला जात, तिथे ही मुलं दिवसा टाय लावून टेबलाशी बसू लागली. अशा शाळा आज अमेरिकेत चाळीसच्या घरात आहेत.

१०. शाळा गेली की

तरीही एकूण ओघ उलटा आहे. १३,००० शाळांच्या आता ६,००० च्या आसपास उरल्या, ५२ लाख मुलांची १७ लाख झाली. २०२० च्या महासाथीच्या वर्षात दोनशेहून अधिक शाळांना कुलूप लागलं.

मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांनी शिकागोच्या वस्त्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये पुस्तक लिहिलं. शाळा बंद झालेल्या वस्त्यांत शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा विश्वास घसरला आणि रस्त्यावरची बेशिस्त वाढली. शहरात सगळीकडे गंभीर गुन्हे कमी होत असताना या वस्त्यांत ते कमी वेगाने घटले. वस्ती आधीच बिघडली म्हणून शाळा बंद पडली असेल, ही शंका त्यांनाही आली. पण कोणती शाळा बंद होणार हे पुष्कळदा तिथल्या धर्मगुरूवर अवलंबून असतं, वस्तीवर नाही. तो धागा पकडून त्यांनी कार्यकारण तपासलं.

या शाळांना मर्यादा आहेत. विशेष गरजा असलेल्या मुलांची सोय त्यांत अनेकदा अपुरी असते. सर्वच मुलांना सामावून घेण्याचं ओझं अखेर सार्वजनिक शाळेच्याच खांद्यावर असतं, आणि तिला दुबळं करून हा प्रश्न सुटणार नाही. पण सगळ्यांना तोच कसदार अभ्यास देणं आणि प्रत्येक मुलाला नावाने ओळखणं यासाठी क्रूस लागत नाही. महापालिकेची शाळाही हे करू शकते.

म्हणून तुमच्या भागातली शाळा पारखायची असेल, तर दहावीचा टक्का विचारून परत फिरू नका. पाचवीत किती मुलं होती आणि त्यांतली किती दहावीच्या परीक्षेला बसली, हे विचारा. जी बसली नाहीत, ती आज कुठे आहेत हे शाळेत कुणाला सांगता येतं का, तेही विचारा.